रात्रीच्या हल्ल्यातून न परतलेल्या बॉम्बर क्रूमनची स्मृतिनोंद: कागदापासून फलकापर्यंत

जुन्या शाळेच्या किंवा चर्चच्या भिंतीवरचं एखादं नाव, शेजारच्या अँग्लो-इंडियन आजींच्या कपाटातला त्यांच्या काकांचा फोटो, चोर बाजारात मिळालेली पदकांची डबी, किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबातल्या मुलीला शाळेने दिलेला प्रकल्प. सुरुवात कुठूनही होते. चूक मात्र बहुतेकांची एकच: आधी श्रद्धांजलीचा मजकूर लिहून काढायचा आणि मग त्यात बसेल अशी माहिती शोधायची. त्यातून चुकीची तारीख, चुकीचं विमान, कधी कधी चुकीचा माणूसच फलकावर चढतो. एकदा फलक बसला की पुढचे सगळे त्याच्यावरूनच उतरवून घेतात.

ब्रिटिश हवाईदलाच्या बॉम्बर कमांडमध्ये दुसऱ्या महायुद्धात साधारण १,२५,००० जण विमानांतून उडाले आणि त्यांतले ५५,५७३ मारले गेले. एवढ्या मोठ्या संख्येत एकाच नावाचे आठ-दहा जण सापडणं नवलाचं नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## तयारी: आधी एक तक्ता

वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करा: बाब, माहिती, कुठून मिळाली, खात्री किती. चौथा रकाना लोक गाळतात आणि नंतर तोच आठवत बसतात. पूर्ण नाव, सर्व्हिस नंबर, हुद्दा, विमानातलं काम, स्क्वाड्रन, हल्ल्याची रात्र, विमानाचा क्रमांक, दफनाची जागा, या प्रत्येकासाठी एक ओळ ठेवा.

घरच्यांकडे काही असेल तर या गोष्टी नेमक्या मागा: बेपत्ता झाल्याची तार, स्क्वाड्रनच्या प्रमुखाचं पत्र, मृत्यू गृहीत धरल्याचं पत्र, फ्लाइंग लॉगबुक (उड्डाणांची वैयक्तिक नोंदवही), पदकांची डबी. फोटो अल्बममधून उचकटू नका, पानासकट टिपा. प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू टिपा आणि पाकीटही सोडू नका.

लॉगबुक मिळालं तर शेवटचं पान सावकाश बघा. तोवरच्या नोंदी एका हाताच्या असतात आणि शेवटच्या ओळीचं अक्षर बहुधा वेगळं, कारण ती स्क्वाड्रनच्या कार्यालयातल्या कुणीतरी भरलेली असते. कधी त्यावर मृत्यू गृहीत धरल्याचा शिक्का असतो. ती ओळ हा पुरावा आहे, पण ती ज्याचं लॉगबुक त्याने लिहिलेली नाही, हे तक्त्यात नोंदवा.

सावधान: ब्रिटिश हवाईदलाच्या माणसांना मिळालेली दुसऱ्या महायुद्धातली मोहीमपदकं नाव न कोरता दिली गेली. नुसत्या पदकावरून माणूस ओळखता येत नाही. डबीवरचा पत्ता आणि आतली चिठ्ठी जुळली तरच पुढे जा.

## टप्पा १: माणूस पक्का करा

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन (राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था) हिच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतं. नाव इंग्रजीत टाका, सेवा म्हणून हवाईदल निवडा आणि वर्षाची मर्यादा द्या. पहिल्या फेरीत एवढंच पुरे. लोक इथे उत्साहाने प्रत्येक खिडकी भरतात, मग एका चुकीच्या अक्षरामुळे नोंद दिसत नाही आणि ‘नावच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

नोंद सापडली की सर्व्हिस नंबर उतरवून घ्या. इथून पुढे ओळख नंबरावरून करायची, नावावरून नाही. पण नंबरातही एक अडचण आहे. सार्जंट म्हणून उडणाऱ्या माणसाला पुढे अधिकारी केलं की नवा नंबर मिळायचा. बढतीचे कागद पुष्कळदा तो मारला गेल्यावर पोचले. त्यामुळे एका कागदावर फ्लाइट सार्जंट आणि दुसऱ्यावर पायलट ऑफिसर (हाही हुद्दाच, काम नव्हे), दोन वेगळे नंबर, आणि माणूस एकच असं होतं. दोन्ही नंबर तक्त्यात ठेवा.

नोंदीच्या शेवटी ‘अमक्याचा मुलगा, बॉम्बे, इंडिया’ असं काही दिसलं की आपल्याकडे लगेच ‘मुंबईचा सुपुत्र’ म्हणून लिहिलं जातं. ती ओळ युद्धानंतर कुटुंबाने दिलेल्या माहितीवरून आलेली असते. आईवडील त्या वेळी मुंबईत राहत होते, एवढाच तिचा अर्थ. जन्म कुठला, शाळा कुठली, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी जन्माची किंवा बाप्तिस्म्याची नोंद वेगळी शोधावी लागते.

तपासा: नंबर, हुद्दा आणि घरच्यांची किमान एक खूण (पत्ता, आईचं नाव, पत्नीचं नाव) जुळली का? तीनही जुळल्याशिवाय दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: रात्र पक्की करा

रात्रीचा हल्ला दोन तारखांवर पसरलेला असतो. न्यूरेंबर्गवरचा कुप्रसिद्ध हल्ला ३०/३१ मार्च १९४४ च्या रात्रीचा. ७९५ विमानं निघाली, ९५ परतली नाहीत. विमानं उडाली ३० तारखेला, बहुतेकांचा शेवट झाला तो ३१ तारीख लागल्यावर. त्यामुळे एकाच रात्री गेलेल्यांच्या नोंदींत कुठे ३०, कुठे ३१ मार्च दिसतो. दोन्हीपैकी एक ‘चूक’ ठरवून खोडू नका. मजकुरात तिरपी रेघ देऊन रात्र लिहा आणि कबरीवरची तारीख कबरीवर आहे तशीच द्या.

घरच्यांच्या आठवणीतली तारीख आणखी वेगळी असू शकते. तार आली ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मृत्यू गृहीत धरल्याचं पत्र साधारण सहा महिन्यांनी. घरात वर्षानुवर्षं पाळलेला दिवस हा त्या पत्राचा दिवस असतो, असं बरेचदा निघतं. त्यांना त्यावरून दुरुस्त करायला जाऊ नका, तक्त्यात वेगळी ओळ करा.

वेळेचं तर विचारूच नका. युद्धात ब्रिटनची घड्याळं हिवाळ्यातही एक तास पुढे होती आणि उन्हाळ्यात दोन तास. जर्मनव्याप्त युरोप कधी त्याच वेळेवर असे, कधी नसे. १९४४ मध्ये ब्रिटनने १७ सप्टेंबरला घड्याळ एक तास मागे घेतलं, जर्मनीने २ ऑक्टोबरला. मधल्या पंधरवड्यात गावकऱ्याने सांगितलेली पडण्याची वेळ आणि तळावरच्या नोंदीतली वेळ यांत तासाचा फरक येणारच. वेळ लिहायचीच असेल तर कुणाच्या घड्याळाची ते लिहा. नाहीतर वगळा, काही बिघडत नाही.

## टप्पा ३: एकट्याला शोधू नका, सगळा क्रू शोधा

सगळ्यात जास्त माहिती इथे दडलेली असते आणि सगळ्यात जास्त लोक हाच टप्पा ओलांडून जातात.

लँकेस्टर या चार इंजिनांच्या बॉम्बर विमानात सात जण: पायलट, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर (नेम धरून बॉम्ब सोडणारा), वायरलेस ऑपरेटर, मधला वरचा गनर आणि शेपटीतला गनर. कधी आठवा असे. नवा पायलट पहिला अनुभव घ्यायला जुन्या क्रूबरोबर जायचा. १०१ स्क्वाड्रनच्या विमानांत जर्मन रेडिओ संभाषणात अडथळा आणणारा खास ऑपरेटर असायचा. आठवं नाव सापडलं म्हणून यादी चुकली असं समजू नका.

कमिशनच्या नोंदींत तीच तारीख आणि तीच स्क्वाड्रन टाकून शोधा. एकाच कब्रस्तानात लागोपाठच्या कबरी निघाल्या तर क्रू सापडला म्हणायला हरकत नाही. पण तिथे फक्त मृत दिसतात. पाचच नावं मिळाली तर उरलेले दोघं युद्धकैदी झाले असतील, किंवा निसटून परत आले असतील. लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरची हानीसूची इथे उपयोगी पडते, कारण ती एका विमानातले सगळे एकत्र दाखवते. ती सूची ही दिशा आहे, अंतिम पुरावा नव्हे.

आता मुख्य मुद्दा. क्रूमध्ये कॅनडाचा, ऑस्ट्रेलियाचा, न्यूझीलंडचा माणूस असणं अगदी नेहमीचं होतं. प्रत्येक देशाने कागद वेगळे जपले. तुमचा माणूस ब्रिटिश असेल आणि त्याचे कागद हाती लागत नसतील, तर आधी त्याच्या ऑस्ट्रेलियन सोबत्याची फाइल उघडा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘ए७०५’ या मालिकेत अपघात आणि मृत्यूच्या फाइल आहेत. बऱ्याचशा स्कॅन केलेल्या आहेत आणि मोफत वाचता येतात. एका फाइलमध्ये क्रूची पूर्ण यादी, घरच्यांशी झालेला पत्रव्यवहार, वाचलेल्या सोबत्याचं निवेदन, कबर उघडून केलेल्या तपासाचा अहवाल असं सगळं मिळू शकतं. ती फाइल एकाच्या नावाने असते, पण त्यातली हकिकत सातही जणांची असते. कॅनडाच्या मृत सैनिकांच्या सेवाफाइलही डिजिटल झाल्या आहेत. न्यूझीलंडसाठी ऑकलंड म्युझियमचं ‘ऑनलाइन सेनोटाफ’ पाहा.

सावधान: या फाइलींत मृतदेहांची वर्णनं कसलाही आडपडदा न ठेवता येतात. शाळकरी मुलांच्या हाती थेट देऊ नका. घरच्यांना पाठवण्याआधी ‘हे वाचायचं आहे का’ असं विचारा.

## टप्पा ४: स्क्वाड्रनची नोंदवही वाचा

लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये स्क्वाड्रनच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक आहेत, ‘एआयआर २७’ या मालिकेत. डिजिटल प्रती मिळतात. शोधताना मालिकेचं नाव इंग्रजी अक्षरांत टाका.

प्रत्येक महिन्याचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० म्हणजे दिवसवार गोषवारा: हवामान, किती विमानं गेली, कोण आलं-गेलं. फॉर्म ५४१ म्हणजे उड्डाणांचा तपशील: विमान, क्रू, कुणाचं काय काम, उड्डाणाची वेळ, परतीची वेळ. लोक ५४० वाचून थांबतात. तुमचा माणूस ५४१ मध्ये आहे. न परतलेल्या विमानासमोर परतीच्या वेळेचा रकाना रिकामा असतो आणि तपशिलात उड्डाणानंतर काहीच कळलं नाही, अशा अर्थाची एक ओळ. त्याहून जास्त तिथे अपेक्षू नका.

आधीचे दोन-तीन महिनेही वाचा. तोच क्रू कुठे कुठे गेला, किती मोहिमा झाल्या, हे त्यातूनच कळतं. क्रूची एक फेरी, म्हणजे नेमून दिलेली सेवा, साधारण ३० मोहिमांची असे. आपला माणूस तिसऱ्या मोहिमेवर गेला की अठ्ठाविसाव्या, हे फलकावर लिहायचं नसलं तरी तुम्हाला ठाऊक हवं.

विमानाच्या क्रमांकाचा गोंधळ फार होतो. दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक कारखान्यातून आलेला क्रमांक, दुसरी अंगावर रंगवलेली स्क्वाड्रनची अक्षरं. १६/१७ मे १९४३ च्या जर्मनीतल्या धरणांवरच्या हल्ल्यात, हल्ल्याचं नेतृत्व करणाऱ्या गाय गिब्सनच्या लँकेस्टरचा क्रमांक होता ईडी ९३२ आणि अक्षरं होती एजे-जी. क्रमांक त्या विमानाचाच राहतो. अक्षरं मात्र विमान गेलं की नव्या विमानाला मिळतात. म्हणजे ‘जी’ अक्षराची एकामागून एक चार विमानं होऊ शकतात. इंटरनेटवर ‘जी’ अक्षराच्या लँकेस्टरचा फोटो मिळाला म्हणून तो तुमच्या माणसाच्या विमानाचा ठरत नाही.

तपासा: क्रमांक, क्रूची नावं आणि रात्र ही तीन ५४१ मध्ये एकाच ओळीत दिसली का? टंकलेखकाने नावं चुकीची उतरवलेली असतात, तेव्हा एका अक्षराच्या फरकाने घाबरू नका.

## टप्पा ५: कबर, सामुदायिक कबर की नुसतं नाव

जर्मनीत पडलेल्या विमानांतले मृत आधी जवळच्या गावात पुरले गेले. युद्धानंतर हवाईदलाच्या बेपत्ता-शोध पथकांनी गावोगाव फिरून कबरी उघडल्या, ओळख पटवली आणि मृतांना मोठ्या युद्धकब्रस्तानांत हलवलं: राइक्सवाल्ड, ऱ्हाइनबर्ग, बर्लिन, ड्युर्नबाख, हॅनोव्हर वगैरे. म्हणून कबरीची जागा म्हणजे विमान पडल्याची जागा नव्हे. दोन्हींत शेकडो किलोमीटरचं अंतर असू शकतं. नेदरलँड्समध्ये उलट, तिथे पुष्कळ जण गावच्याच दफनभूमीत राहिले.

हलवल्याचा अहवाल कमिशनच्या नोंदीला जोडलेल्या कागदांत बहुधा सापडतो. त्यात आधीचं गाव लिहिलेलं असतं. नकाशावर आधी ते गाव शोधा.

कबरीच्या क्रमांकात ‘८ ते १२’ असा पल्ला दिसला तर ती सामुदायिक कबर. अवशेष वेगळे ओळखता आले नाहीत, असा त्याचा अर्थ. अशा वेळी ‘इथे अमका चिरविश्रांती घेत आहे’ असं एकट्याबद्दल लिहू नका, सगळ्यांची नावं द्या. आणि कबरच नसेल तर नाव लंडनच्या पश्चिमेला रनीमीडच्या स्मारकावर असतं. १९५३ मध्ये उघडलेल्या या स्मारकावर २०,००० हून अधिक नावं आहेत. तिथे कुणी पुरलेलं नाही.

ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या मृत्यूविषयक फाइल ‘एआयआर ८१’ मालिकेत टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत. तुमच्या महिन्याची फाइल आली असेल तर ती मागवाच. रेड क्रॉसमार्फत आलेल्या जर्मन मृतयादीचा उल्लेख त्यात असेल तर तोही उतरवा.

## टप्पा ६: काय घडलं, हे जपून लिहा

इथे हात आवरावा लागतो. रात्री, ढगांत, शेकडो विमानांच्या रांगेत एक विमान कशाने पडलं हे सांगणारा साक्षीदार बहुतेक वेळा उरलेलाच नसतो. तरीही प्रत्येक श्रद्धांजलीत ‘शेवटच्या क्षणापर्यंत झुंज दिली’ हे वाक्य असतंच. कुणी पाहिलं?

गिब्सनचंच घ्या. सिमल्यात जन्मलेला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला, बॉम्बर कमांडमधला सगळ्यात प्रसिद्ध माणूस. १९ सप्टेंबर १९४४ च्या रात्री म्योन्शनग्लाडबाख आणि राइट या जर्मन शहरांवरच्या हल्ल्यात त्याचं मॉस्किटो विमान परतीच्या वाटेवर नेदरलँड्समधल्या स्टेनबर्गनजवळ कोसळलं. तो आणि नॅव्हिगेटर जिम वॉरविक दोघंही गेले, दोघांच्या कबरी त्याच गावात आहेत. इतक्या नावाजलेल्या माणसाचं विमान कशाने पडलं यावर आजही एकमत नाही. मग एकोणीस वर्षांच्या अनाम सार्जंटच्या शेवटच्या मिनिटांबद्दल आपण छातीठोक लिहावं?

जर्मन नाइट फायटर (रात्री लढणाऱ्या विमानांच्या) पायलटांनी विमानं पाडल्याच्या दाव्यांच्या याद्या मिळतात. त्यांतला वेळ-जागेचा मेळ घालून ‘याने पाडलं’ असं ठरवण्याचा मोह होतो. न्यूरेंबर्गसारख्या रात्री तासाभरात डझनावारी दावे झालेले असतात. वाचलेल्या सोबत्याचं निवेदन किंवा विमानाचा क्रमांक असलेला जर्मन अहवाल नसेल, तर ‘बहुधा’ शब्द ठेवा.

आणि हल्ल्याच्या लक्ष्याचं नाव लिहा. ‘शत्रूवर कामगिरी’ असं मोघम लिहू नका. ती शहरं होती आणि खाली माणसं होती. जुलै १९४३ च्या हॅम्बर्गवरच्या हल्ल्यांत हजारोंच्या संख्येने नागरिक मेले. एका वाक्यात ते सांगितल्याने तुमच्या माणसाचं काही कमी होत नाही. कार्यक्रम जर्मनीत असेल तर ते वाक्य नसणं तिथल्यांना नक्की खटकेल.

## ब्रह्मदेशाकडे गेलेल्यांसाठी वेगळी वाट

भारतातून उडालेल्या बॉम्बर क्रूंना वरचे काही टप्पे लागू पडत नाहीत. बंगालमधल्या सालबोनी, दिग्री अशा तळांवरून ३५५, ३५६, १५९ या स्क्वाड्रनची लिबरेटर विमानं रंगूनपर्यंत आणि त्यापलीकडे जात. ही स्क्वाड्रनं बॉम्बर कमांडच्या हाताखाली नव्हती, तेव्हा लिंकनच्या सूचीत ती शोधून वेळ घालवू नका. नोंदवही मात्र ‘एआयआर २७’ मध्येच मिळेल.

दुसरी ठरलेली चूक: ब्रह्मदेशात गेला म्हणून रंगूनच्या स्मारकावर नाव शोधणं. ते स्मारक भूदलाचं. दक्षिण आणि पूर्व आशियात बेपत्ता झालेल्या, कबर नसलेल्या हवाईदलाच्या माणसांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत. खडकीच्या युद्धकब्रस्तानातही काही जण विचारपूस करतात. तिथे पश्चिम आणि मध्य भारतातल्या कबरी आणल्या गेल्या, ब्रह्मदेशावर हरवलेल्यांच्या नाहीत.

## टप्पा ७: घरचे, मग मजकूर, मग फलक

नातेवाईक हयात असतील तर मजकूर लिहिण्याआधी त्यांना कळवा. पहिल्या पत्रात सगळी माहिती ओतू नका. आपण कोण, काय करायचं आहे, त्यांची हरकत आहे का, एवढंच विचारा. सहा महिने उत्तर आलं नाही तरी पाठपुरावा एकदाच करा.

मजकुराचा सांगाडा असा ठेवा:

*फ्लाइट सार्जंट (पूर्ण नाव), सर्व्हिस नंबर, विमानातलं काम, स्क्वाड्रन. (रात्र) रोजी (तळ) इथून (शहर) वरच्या हल्ल्यासाठी (विमान आणि क्रमांक) निघालं, परतलं नाही. सोबत: (उरलेल्यांची नावं, कोण वाचलं त्यासह). दफन किंवा स्मरण: (जागा, कबर किंवा पॅनल क्रमांक).*

यात विशेषण नाही, आणि नको. घरच्यांनी कबरीच्या दगडावर निवडलेली ओळ असेल तर ती शेवटी जोडा. मोजक्या अक्षरांच्या मर्यादेत त्यांनी जे लिहिलं, त्यापुढे आपली शब्दकळा फिकी पडते.

फलकावर क्रूस, अशोकचक्र, हवाईदलाचं चिन्ह असं काही टाकण्याआधी त्याचा धर्म आणि सेवा कागदावर बघा. कॅनडाच्या हवाईदलातला माणूस ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये होता म्हणून ब्रिटिश ठरत नाही.

कब्रस्तानात जाणार असाल तर फुलं, छोटा फोटो, हाताने लिहिलेलं कार्ड चालतं. दगडाला काही चिकटवू नका, अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून खडू किंवा रंग घासू नका.

सावधान: विमान पडल्याच्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन जाऊ नका. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने पडलेल्या लष्करी विमानांच्या जागा संरक्षित आहेत, परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. युरोपातही नियम कडक आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी खाली न फुटलेले बॉम्ब आणि माणसांचे अवशेष असू शकतात. ‘याच विमानाचा तुकडा’ म्हणून विकायला येणारं अॅल्युमिनियमही घेऊ नका.

फलक करायला देण्याआधी मजकूर अशा दोघांना दाखवा, ज्यांनी तुमचा तक्ता पाहिलेला नाही. एकाला नंबर आणि तारखा मोठ्याने वाचायला सांगा, दुसऱ्याने मूळ कागद समोर धरून प्रत्येक अंक ताडून बघावा. कमिशनच्या नोंदीतच चूक सापडली असेल तर त्यांना पुराव्याच्या प्रतींसह कळवा. ‘घरचे असं सांगतात’ एवढ्यावर ते बदल करत नाहीत. तक्त्याची आणि स्कॅनची एक प्रत घरच्यांकडे आणि एक लिंकनच्या केंद्राच्या डिजिटल संग्रहाकडे द्या. फाइलच्या नावात आधी सर्व्हिस नंबर, मग आडनाव ठेवा.